अर्जदार किरायादार

रस्ता रुंद झाला तेव्हा आमच्या वावराची एक लांबट पट्टी त्यात गेली आणि तिचा मोबदला बँकेत जमा झाला. आमच्या गावात ज्यांच्या ज्यांच्या पट्ट्या गेल्या, त्यांच्या दारात दिवाळीच्या आत मोठ्या पांढऱ्या गाड्या आल्या. दारात म्हणजे गावाबाहेर, पाराजवळ. कारण त्या गाड्या आमच्या गल्ल्यांत वळतच नव्हत्या. मालक मंडळी गाडी पाराखाली लावायची आणि किल्ली बोटात फिरवत घरापर्यंत पायी यायची. आमचे हेही रोज संध्याकाळी तिकडे चक्कर मारायचे. एकदा एका गाडीच्या काचेला नाक लावून उभे असताना मी त्यांना पकडलं.

"काय पाहून राह्यले?"

"काई नाई. सीट पाहून राह्यलो."

"सीट पाहाले आपल्या घरी दिवाण हाय."

त्याच संध्याकाळी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता मी विषय काढला. "आपण मानोऱ्यात एखादं जुनं घर घेऊ."

"काहून? हे पडून राह्यलं का?" ह्यांनी वर छताकडे पाहिलं.

"राहाले नाई. दुरुस्त करू अन् किरायानं देऊ. गाडी उभ्या उभ्या जुनी होते. घर उभ्या उभ्या किराया देते."

हे वाक्य मी आठ दिवस मनात घोळवून तयार केलं होतं. ह्यांच्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. "तुले कोनं शिकोलं हे?" एवढंच त्यांनी विचारलं.

शिकवलं कोणी नव्हतं. पण वीसएक वर्षं मी डोक्यावर डालं घेऊन मानोऱ्यात, आमच्या तालुक्याच्या गावी, दारोदार भाजी विकली आहे, आणि भाजीवालीला गावातल्या घरांबद्दल जे कळतं ते कोणालाच कळत नाही. पावकिलो भेंडी घेणारा माणूस एकटा राहतो. आज एका दारात टमाटे घेणारी बाई पुढच्या महिन्यात दुसऱ्या दारात भेटली, की पहिल्या घरात पाण्याचा त्रास आहे. तांड्यांवरच्या शाळांचे मास्तर, दवाखान्यातल्या सिस्टर, बँकेतली पोरं, सगळे मला एकच विचारायचे, "मावशी, एखादी खोली आहे का हो पाहण्यात? संडास आतमध्ये असलेली?" मावशीच्या पाहण्यात खोल्या भरपूर होत्या, संडास आतमध्ये असलेली मात्र एकही नव्हती.

आणि घरही माझं आधीच हेरून झालं होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, समोर दोन पक्क्या खोल्या, मागे टिनाची एक, वर पाण्याची टाकी. मालक मुलाकडे पुण्याला जाऊन राहिले होते. आजूबाजूचे म्हणायचे, त्या घरात कोणी टिकत नाही, घरच पनवती आहे. मला ती पनवती चांगली ओळखीची होती. न्हाणीची नाली स्वयंपाकघराच्या फरशीखालून जात होती आणि ती फुटली होती. त्या दारात भाजी मोजताना मी नाकाला पदर लावायची. बाकी घर धडधाकट होतं.

मालक पुण्याहून आले. घर विकलं जातंय याचा त्यांना इतका आनंद झाला होता, की आमचे हे घाबरले. "इतका खूश कोन होते घर इकताना?" असं ते माझ्या कानात तीन वेळा म्हणाले. रजिस्ट्रीच्या दिवशीही सही करताना ह्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं. मी मात्र पहिल्या खेपेत सही केली. सही करायची वेळ माझ्यावर फार कमी आली होती, त्यामुळे मी ती जरा मोठीच केली, चौकटीच्या बाहेर गेली.

दुरुस्तीला आम्ही एक वयस्कर मिस्त्री धरला. माणूस हाताचा पक्का होता. त्याचा एकच दोष, तालुक्यातलं एकही लग्न त्याला चुकवता येत नसे. नवरा-नवरी कोण हे ठाऊक नसलं तरी जेवायला जाणं त्याला कर्तव्य वाटायचं. लग्नसराईत आम्ही काम काढलं, ही चूक आमची. तरी त्यानं फरशी उखडली, नाली बाहेरच्या बाजूनं फिरवली आणि पनवती दोन दिवसांत घराबाहेर काढली.

ह्यांना देखरेखीवर ठेवलं होतं. हे जन्माचे वांग्या-मिरच्यांचे शेतकरी. खोली ते पावलांनी मोजायचे आणि "या दांडाले उतार कमी हाय" असं न्हाणीच्या नालीबद्दल बोलायचे. नवीन गिलावा झाला आणि मिस्त्रीनं सांगितलं की आता भिंतींना पाणी मारत राहा, तेव्हा ह्यांना आपलं काम सापडलं. रोज सकाळी सायकलवर पाच मैल येऊन हे भिंतींना पाणी द्यायचे. दुपारी परत यायचे, पुन्हा द्यायचे. मिस्त्रीनं आठ दिवस सांगितलं होतं. हे एकविसाव्या दिवशीही पाइप धरून उभे.

"भाऊ, भित्त हाय ते. वांगे नाई." मिस्त्री शेवटी म्हणाला.

"सुकली तर?"

"सुकाचीच असते भित्त!"

रंगसुद्धा ह्यांनीच निवडला. दुकानातल्या कार्डावर तो बोटभर चौकोनात फार सोज्वळ दिसत होता. चारही भिंतींना लागल्यावर तो भरल्या वांग्याचा झाला. ह्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "थंड वाटते ना?"

किरायादार मला शोधावा लागला नाही. पावकिलो भेंडीवाले एक सर होते, जवळच्या तांड्यावरच्या शाळेचे मुख्याध्यापक. रिटायर व्हायला थोडी वर्षं राहिलेली, बायको आणि घर अकोल्याला, इथे एकटेच एका अंधाऱ्या खोलीत. अंगानं भरलेले, आवाज भरलेला, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. घर पाहायला आले तेव्हा त्यांनी प्रत्येक नळ उघडून बंद केला, प्रत्येक कडी लावून काढली आणि वहीत काहीतरी टिपलं. भिंतींकडे पाहून मात्र त्यांचं पेन थांबलं.

"हा रंग... विचारपूर्वक दिलेला आहे का?"

"थंड वाटते," हे म्हणाले.

करारनामा सरांनी स्वतःच लिहून आणला. त्यात अकरा अटी होत्या आणि अकराच्या अकरा त्यांच्यावरच होत्या. वेळेवर किराया द्यावा, मोठ्यानं रेडिओ लावू नये, भिंतीत खिळे ठोकू नयेत, अंगणात भांडी घासू नयेत. आम्ही ऐकतच राहिलो. ह्यांना वाटलं सर आपल्यालाच रागावतायत, म्हणून ते प्रत्येक अटीला "हो जी, चुकलं जी" म्हणत गेले.

राहायला आल्यावर चौथ्या दिवशी मी भाजी घेऊन गेले तर सरांनी माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. वर कोपऱ्यात लिहिलं होतं, 'जावक क्रमांक १'. घरी येऊन मी तो ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

'प्रति, माननीय घरमालक. विषय : शौचालयाचे दार आतील बाजूस उघडत असल्याने होणाऱ्या गैरसोयीबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर शौचालयात प्रवेश केल्यानंतर दार लावण्यासाठी अर्जदारास प्रथम पाठ भिंतीस टेकवून श्वास रोखून धरावा लागतो. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.'

ह्यांचा घास हातातच राहिला. "हा किरायादार हाय का तहसीलदार?"

"दार उलटं बसलं हाय, एवढंच म्हणते."

"मंग तोंडानं म्हना लागते ना! कागद कायले?"

पण कागद आला होता. आणि आलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं, हे मला आमच्या बाबांमुळे ठाऊक होतं, ते ग्रामपंचायतीत शिपाई होते. मी नववीपर्यंत शिकले. अक्षर चांगलं होतं माझं. पण लग्न झाल्यापासून डब्यांवर चिकटवायच्या 'हळद', 'जिरं' अशा चिठ्ठ्यांपलीकडे मी काही लिहिलं नव्हतं. मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'तुमची चिठी भेटली. मिस्तरी लग्नाला गेला आहे. आल्यावर दार उलटं बसवून देऊ.' दुसऱ्या दिवशी देऊन आले.

तिसऱ्या दिवशी माझाच कागद मला परत मिळाला. 'चिठी'ला लाल गोल करून वर 'चिठ्ठी' लिहिलं होतं. 'मिस्तरी'चं 'मिस्त्री' केलं होतं. 'भेटली' खोडून समासात लिहिलं होतं, 'भेटतात ती माणसे. चिठ्ठी मिळते.' आणि खाली, 'मजकूर समाधानकारक. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं घर, माझी भेंडी, माझा कागद, आणि लाल पेन सरांचं! आमचे हे मात्र जाम खूश होते.

"किती मार्क देल्ले?"

"तुमी चूप राहा."

"नापास केलं का व?"

मिस्त्री लग्नातून आला, दार बाहेर उघडू लागलं. पण अर्ज थांबले नाहीत. न्हाणीचा नळ थेंब थेंब गळत असल्याबाबत. शेजारच्यांच्या शेळीने अंगणात प्रवेश करून अर्जदाराच्या धोतराचे एक टोक भक्षण केल्याबाबत. छतावर एक पाल ठरावीक जागी वास्तव्यास असल्याबाबत. या शेवटच्या अर्जावर ह्यांनी मला तोंडी उत्तर सांगितलं, "लिव, पालीचा किराया आमी घेत नाई." मी ते शुद्ध करून लिहिलं, 'सदर पालीकडून कोणताही किराया आकारला जात नाही, तरी तिला आपली पाहुणी समजावे.' त्या कागदावर लाल पेनाची एकच खूण आली. कोपऱ्यात, बारीक अक्षरात, 'छान'.

तो कागद मी कोणाला न दाखवता तांदळाच्या डब्यात ठेवला. खोटं कशाला सांगू, त्यानंतर मी अर्जाची वाट पाहायला लागले. वांग्याला फवारा मारताना मनातल्या मनात 'उपरोक्त', 'सदर', 'तत्पूर्वी' असे शब्द घोळवत राहायची. एकदा बाजारात एका गिऱ्हाइकाला मी म्हटलं, "सदर भेदरं कालचे आहेत, ते घेऊ नका." ती बाई टमाटे सोडून माझ्याच तोंडाकडे पाहत राहिली.

रामनवमीला पोहरादेवीला मोठी यात्रा भरते, मानोऱ्यातून रस्ते भरून माणसं जातात. त्या वर्षी ह्यांच्या डोक्यात आलं की मागची टिनाची खोली रिकामीच आहे, यात्रेपुरती किरायानं देऊ. कल्पना चांगली होती. ह्यांनी ती चार जणांना सांगितली, आणि ते चौघेही नातेवाईक निघाले. यात्रेच्या दोन दिवस आधी ह्यांच्या चुलत बहिणीच्या सासरचे चौदा जण जीपमधून उतरले. "मानोऱ्यात घर घेतलं म्हने तुमी! मंग दुसरीकडं कायले जाचं?" किरायाचा विषय काढायची ह्यांची हिंमत झाली नाही. चैत्राचं ऊन, नळ दोन-चार दिवसांनी येणारा, आणि टाकी एकट्या माणसापुरती. सरांचा अर्ज त्याच दिवशी आला, त्यावर आडवं 'तातडीचे' लिहिलं होतं. हे मुकाट्यानं बैलबंडी जुंपून वावरातल्या विहिरीचं पाणी ड्रमांत भरून दोन वेळा आणत होते. पाच मैल जायचं, पाच मैल यायचं, आणि वर पाहुण्यांचं, "भाऊ, पाणी जरासं गरम हाय."

सुटका सरांनी केली. तिसऱ्या दिवशी मी गेले तर अंगणात पाहुण्यांची सहा मुलं एका ओळीत उभी, हाताची घडी, आणि सर खुर्चीवर. एकोणिसाचा पाढा चालू होता. चुकलं की पहिल्यापासून. संध्याकाळी आणखी दिडकीचा पाढा होणार असल्याचं सरांनी जाहीर केलं होतं. मुलांनी आपापल्या आयांचे पदर धरून असा गोंधळ घातला, की मंडळी ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच जीपमध्ये बसली. जीप गल्लीबाहेर वळल्यावर सर मला म्हणाले, "प्रकरण निकाली निघाले." ते कधी नव्हे ते हसत होते.

मग एका पावसाळ्यात, श्रावण लागल्यावर, अर्ज येणं एकदम बंद झालं. एक आठवडा गेला, दोन गेले. मी भाजी घेऊन जायची तर सर दार फटभर उघडायचे, अंगानं सगळी फट भरून टाकायचे, भेंडी घ्यायचे आणि दार लावायचे. 'कडी नीट आहे का? नळ?' विचारलं तर "सर्व उत्तम." सर्व उत्तम! या माणसाला दोन वर्षांत काहीही उत्तम वाटलं नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, सर रोज सकाळी कोपऱ्यावरच्या हातपंपावरून बादल्या भरून नेतात. टाकीत पाणी असताना?

ह्यांना घेऊनच मी गेले. "टाकी पाहाची हाय," असं म्हणून हे सरळ आत शिरले, मी मागोमाग. खोली नीटनेटकी होती. वांगी रंगाच्या भिंतीवर एक नवं घड्याळ लटकत होतं, जरा तिरपं. आणि घड्याळाच्या खाली, कमरेइतक्या उंचीवर, एक भलंमोठं कॅलेंडर.

"सर, कॅलेंडर इतकं खाली काहून?" ह्यांनी विचारलं.

"बसल्या बसल्या तारीख दिसते." सर छताकडे पाहत म्हणाले. पाल तिथेच होती.

मी कॅलेंडर उचललं. मागची भिंत ओलीचिंब, गिलावा पोळीसारखा फुगलेला. सर एकदम खाली पलंगावर बसले. मी कॅलेंडर होतं तसं सोडलं आणि आम्ही बाहेर आलो. घरी येताना रस्त्यात ह्यांना हसू आवरत नव्हतं. "खिळा ठोकला! मास्तरनं खिळा ठोकला!"

मी मात्र घरी आल्या आल्या कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'विषय : कारणे दाखवा नोटीस. करारनाम्यातील अट क्रमांक सातचा भंग करून आपण भिंतीत खिळा का ठोकला, याचा लेखी खुलासा दोन दिवसांत सादर करावा.' आयुष्यात इतकी मजा मला कशातच आली नव्हती. आणि कागद देऊन परत येताना मला वाईटही वाटलं. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला होता, मुलं शाळेत प्रगतिपुस्तक घेतात तसा.

खुलासा दुसऱ्याच दिवशी आला. 'घड्याळ लावण्याच्या हेतूने अर्जदाराने खिळा ठोकला असता तो भिंतीतील नळाच्या पाइपात गेला. खिळा काढल्यास कारंजे उडते, ठेवल्यास ओल पसरते, म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवला. सदर अट अर्जदारानेच लिहिलेली असल्याने त्याला फार लाज वाटते.' चूक शोधायला मी तो दोनदा वाचला. एकही नव्हती. पण 'फार लाज वाटते' हे अर्जात लिहायचे शब्द नव्हते.

मिस्त्री अर्थातच लग्नाला गेला होता. श्रावणात कोणाचं लग्न काढलं होतं त्यानं, देव जाणे. शेवटी छन्नी-हातोडा घेऊन हेच उभे राहिले. "पाइप कुठून गेला मले माहीत हाय. एकवीस दिवस पाणी देल्लं हाय म्या या भित्तीले." सर धोतर खोचून बॅटरी धरून उभे. गिलावा पडत होता, दोघांच्या डोक्यावर पांढरी धूळ.

"पन सर, घड्याळ पाह्यजे कायले होतं? हातात हाय ना तुमच्या."

सरांनी बॅटरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "आमची मंडळी येणार आहे. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत. नोकरीत एवढ्या बदल्या झाल्या, पण ती माझ्या खोलीवर कधी आली नाही. तिला वाटतं मी गोठ्यात राहतो. म्हटलं, घरासारखं दिसावं. घड्याळ, कॅलेंडर..."

ह्यांनी छन्नी खाली ठेवली. "कधी येऊन राह्यल्या?"

"परवा."

त्या दोन दिवसांत ह्यांनी पाइप बदलला, भोक बुजवलं, आणि घाईघाईनं दुकानातून रंग आणून ठिगळावर लावला. वांगी रंग त्या दुकानात पुन्हा मिळाला नाही. ठिगळ जांभळाच्या रंगाचं झालं. मी घरून एक सतरंजी आणि पितळी तांब्या नेऊन ठेवला. सरांच्या बाई बसमधून उतरल्या, ठेंगण्या, चटपटीत, डोळ्यांत सतत काहीतरी हसणारं. घरात आल्या, चहूकडे पाहिलं, ठिगळापाशी थांबल्या.

"हे काय हाय व?"

"यांनी घड्याळ लावलं होतं," मी म्हटलं. लपवून उपयोग नव्हता.

"यायनं?" त्या ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"नाई. सरांनी."

त्यांनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. "माह्यासाठी खिळा ठोकला? तुमी? तीस वर्षांत घरी एक चूक नाई ठोकली कधी!" आणि त्या हसत सुटल्या. सर कान लाल करून चहा गाळायला आत गेले. नंतर आम्ही दोघी अंगणात बसलो तेव्हा मी विचारलं, "घरी पण अर्ज देतात का सर?"

"कुठचे! माह्या समोर तोंड उघडत नाई. म्हून तुमच्या इथं हौस भागवून घेत असन."

त्या दोन दिवसांसाठी आल्या होत्या, आठ दिवस राहिल्या. जाताना सांभार, मेथी आणि माझ्याकडून गवारीच्या शेंगा घेऊन गेल्या.

त्याच हिवाळ्यात आमच्या गावचे एक पांढरी गाडीवाले घर विकत घ्यायला आले. गाडी गल्लीच्या तोंडाशीच ठेवावी लागली त्यांना. मुलीच्या शिकण्यासाठी त्यांना मानोऱ्यात घर हवं होतं, भाव त्यांनी आमच्या अपेक्षेपेक्षा बराच वर सांगितला, फक्त महिन्याच्या आत रिकामं हवं होतं. मला मोह झाला. घर घेतलं तेव्हाच माझं ठरलं होतं, चांगला भाव आला की विकायचं आणि त्यातून दुसरं घ्यायचं. धंदा म्हणजे धंदा. मी सरांना पत्र लिहायला बसले. 'विषय : घर रिकामे करण्याबाबत.' चार कागद फाडले. शब्द शुद्ध होते, पण पत्र काही जमत नव्हतं.

हे बाजूला लसूण सोलत बसले होते. म्हणाले, "राहू दे."

"इतका भाव पुन्हा येणार नाई."

"नसन येत. हेडमास्तरचे सहा महिने उरले. या वयात खोली शोधत कुठी फिरन थो?"

पांढरी गाडी परत गेली. त्यांनी पुढच्या आठवड्यात दुसरीकडे घर घेतलं. त्यानंतर कित्येक महिने, भाजीचा भाव पडला की मी ह्यांना ऐकवायची, "राहू दे म्हनाले होते कोनी तरी." हे कानाला टॉवेल गुंडाळून घ्यायचे.

सर रिटायर झाले. जायच्या आदल्या दिवशी अर्ज आला, शेवटचा. 'विषय : किरायादार म्हणून वर्तणुकीचा दाखला मिळणेबाबत.' मी दाखला दिला. 'सदर व्यक्ती या घरात तीन वर्षे वास्तव्यास होती. वर्तणूक चांगली. एक खिळा वगळता.' सरांनी तो वाचला, दोन्ही पेनांवरून हात फिरवला, पण काढलं कुठलंच नाही. घडी करून खिशात ठेवला आणि बसमध्ये चढले.

घरात आता दवाखान्यातल्या दोन सिस्टर राहतात. पोरी चांगल्या आहेत. पण नळ गळला की फोन करतात, "ताई, नळ." बस्स. ना विषय, ना महोदय. सुरुवातीला मला हे फार उद्धटपणाचं वाटायचं. पहिल्या वर्षी एकदा तर मी म्हटलंही, "लिहून द्या." त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

गेल्या माघात ह्यांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही अकोल्याला गेलो होतो. काम लवकर आटोपलं, म्हणून सरांचा पत्ता शोधत गेलो. बंगलेवजा घर, पुढे जास्वंद. दार उघडताना बाईंना ते खांद्यानं ढकलावं लागलं. आत नळाचा आवाज येत होता, टप, टप. खिडकीची कडी दोरीनं बांधलेली. मी हात धुवायला गेले तर न्हाणीच्या दाराची खालची फळी कुजून गळून पडली होती.

"हे असंच हाय," बाई म्हणाल्या. "चार वर्षं झाले नळ गळून राह्यला."

ह्यांनी सरांकडे पाहिलं. "सर, आमच्याकडं एक थेंब पडला तर तुमी अर्ज देत होते!"

सर गंभीरपणे म्हणाले, "इथे अर्ज कोणाकडे करायचा?"

ते गंमत करत नव्हते. आमचे हे उठले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि बाईंना विचारलं, "पान्हा हाय का घरात?" पान्हा शेजारून आला. नळाचं वायसर बदललं, मग खिडकीच्या कडीकडे मोर्चा वळला, मग पुढच्या दाराची बिजागरी. तपासणीसाठी डोळ्यांत टाकलेल्या औषधानं ह्यांना जवळचं धड दिसत नव्हतं, म्हणून सर बोटानं स्क्रू दाखवत होते आणि हे पिळत होते. दोघांमध्ये वाद चालू होता, स्क्रू उजवीकडे की डावीकडे.

मी बाईंना वेळ विचारली. मंगरूळपीरवरून आमच्याकडे जाणारी पाचची बस निघून गेली होती. "मंग जेवूनच जा," त्या म्हणाल्या, आणि परात पुढे ओढून मला ज्वारीचं पीठ काढायला लावलं.